पुढचं वाक्य माहीत नसलेला माणूस

कुजबुजे राक्षसांच्या कादंबऱ्या लिहायचे, पण लिहायचे मात्र दिवसाउजेडी. न्याहारी झाली, खिडकीतून ऊन टेबलावर आलं की बसायचे आणि ऊन उतरलं की पेनाला टोपण लावायचे. संध्याकाळी का नाही लिहीत, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला भीती वाटते." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, गृहस्थ विनोदी आहेत. पण अंधार पडल्यावर कचऱ्याची बादली खाली न्यायची असली की हे गृहस्थ बायकोला सोबत घेऊन जिना उतरत, आणि वर येताना तिला मागे ठेवत.

कुजबुजे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेच्या अंधारात स्टुलावर बसायचं, नाटकाची वही मांडीवर धरायची आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानावर सोडायचं, हे त्यांचं काम. नटाला ऐकू आलंच पाहिजे आणि पहिल्या रांगेला येता कामा नये, अशा बेताचा आवाज लागतो. तो कुजबुज्यांनी असा काही कमावला होता की कंपनीतले नट म्हणत, आपल्यालाच आठवलं असं वाटतं. पण आवाजाचंही चामड्याच्या चपलेसारखं असतं, जसं चालाल तसा तो वळण घेतो. तीस वर्षं कुजबुजल्यावर त्यांना मोठ्यानं बोलताच येईना. भाजीवाल्याला टोमॅटो ताजे आहेत का विचारायचं तरी ते अशा सुरात विचारत, की बिचारा काहीतरी गुपित असावं म्हणून टोपलीवरून वाकून आजूबाजूला बघत उत्तर द्यायचा.

कंपनीचे मुख्य नट होते महाराज. जन्मभर राजाच्या भूमिका केल्या म्हणून महाराज. छाती दरवाजाएवढी, आवाज ढगासारखा आणि स्मरणशक्ती चाळणीची. वाक्य विसरलं की महाराज मिशीला पीळ देत, दोन्ही हात पाठीशी बांधत आणि चिंताग्रस्त राजासारखे येरझाऱ्या घालत विंगेजवळ येत. प्रेक्षकांना वाटायचं, काय विचार करतोय राजा! राजा विचार वगैरे काही करत नसे, कुजबुज्यांकडे कान करून उभा असे.

आणि कपडेपटात होत्या वहिनी, म्हणजे कुजबुज्यांच्या पत्नी. सगळी कंपनी त्यांना वहिनी म्हणायची. अंगरखे, कोट, झगे सगळं त्यांच्या ताब्यात. कॉलरीत दोरा ओवलेली सुई, एप्रनच्या खिशात सुट्या गुंड्या आणि नजर घारीची. विंगेत उभं राहून त्या रंगमंचाकडे बघत, पण नाटक बघत नसत. कुणाचा काठ उसवलाय, कुणाची वरची गुंडी उघडी आहे, तेवढंच त्यांना दिसे. मग ते पात्र राजा असो की हुजऱ्या, विंगेतून एकच शब्द यायचा, "गुंडी." त्या एका शब्दानं महाराजांनी भर दरबारात फितुराला देहदंड सुनावता सुनावता गळ्याशी हात नेल्याचं लोकांनी पाहिलं आहे.

आता हा माणूस राक्षसांच्या वाटेला गेला कसा? त्याला कारण झाला एक राहिलेला अंक. एकदा एका नव्या नाटकाचे दोनच अंक हाती आले होते. नाटककार तिसरा लिहीतच होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दारावर टकटक होते आणि पडदा पडतो. दारात कोण आहे, हे कुजबुज्यांना माहीत नव्हतं! जन्मभर ज्याच्या मांडीवर पुढचं वाक्य उघडं पडलेलं, कोण मरणार, कोण कुणाचा निघणार हे ज्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक, त्याला दोन दिवस काही म्हणजे काही कळेना. जेवताना ते दाराकडे बघत बसत. त्यांच्या मनानं दाराबाहेर नाना प्रकारची मंडळी आणून उभी केली. एक ओलं होतं. एकाचे गुडघे उलटे होते. एक दाराएवढंच रुंद होतं आणि त्याला तोंड कुठे आहे ते कळत नव्हतं. मग तिसरा अंक आला आणि दारात निघाला पोस्टमन. पण ते दोन दिवस, ते पुढे सांगत, आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

कंपनी बंद झाली तेव्हा वहिनींनी घरी शिवणाचं मशीन मांडलं आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजे कागद घेऊन बसले. त्यांनी लिहिलं, 'दारावर टकटक झाली.' आणि स्वतःच थांबले, कोण असेल बरं? तेव्हापासून त्यांची रीत तीच. पुढचं वाक्य आधी ठरवायचं नाही. ठरवायचा धंदा पुष्कळ झाला.

सामान सगळं कंपनीचंच होतं. पहिल्या कादंबरीतला बिनडोक्याच्या माणसांचा तांडा म्हणजे कपडेपटातली अंगरख्यांची रांग. मागचं दार उघडं राहिलं की ती एकदम हलायची. दुसरीतला तळघरात गुरगुरणारा प्राणी म्हणजे दौऱ्यावरचे झोपलेले महाराज. ती कादंबरी महाराजांनी स्वतः वाचली आणि येऊन म्हणाले, "अरे कुजबुज्या, ते गुरगुरणं वाचताना अंगावर काटा आला रे. तुला सुचतं कुठून?" कुजबुजे म्हणाले, सुचतं आपलं.

लिहिताना ते ओठांत पुटपुटत आणि पलीकडे मशीन चालू असे. ही त्यांची परीक्षा. वाक्य जमलं की मशीन थांबायचं. वहिनींचा पाय आपोआप थबकायचा. मशीन खडखडत राहिलं की कुजबुजे मुकाट्यानं वाक्य खोडत.

अशा रीतीनं तीन पुस्तकं झाली आणि चौथी कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः सुरू झाली. नाव 'जिन्याखालचा'. एका जुन्या प्रवासी निवासाच्या जिन्याखाली काहीतरी राहतं. रात्री जो कुणी तिथून जातो तो सकाळी पायरीवर बेशुद्ध सापडतो, आणि त्याच्या कपड्याची एक गुंडी गेलेली असते. गुंडी का? तर तिसरं प्रकरण लिहिताना वहिनींच्या हातातून कुणाच्या तरी कोटाची गुंडी निसटून कपाटाखाली गेली. त्या खाली वाकून चरफडत होत्या, इकडे कुजबुज्यांनी गुंडी गोष्टीत घातली. मशीन थांबलेलंच होतं, त्यामुळे वाक्य जमलं की नाही हेही कळलं नाही. राहून गेलं.

वाचकांनी गुंडीच उचलून धरली. पत्रं येऊ लागली. मग काय, दर प्रकरणात एक गुंडी गेलीच पाहिजे. साप्ताहिकाच्या संपादिका हुशार होत्या, तरुण होत्या, आणि त्यांच्या टेबलावर प्रत्येक कागदाला आपली अशी जागा होती. त्यांनी विचारलं, "काका, तो गुंड्या का घेतो?" कुजबुजे म्हणाले, "मला पण तेच विचारायचंय."

संपादिकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, शेवटचं प्रकरण छापण्याआधी नाट्यगृहात जाहीर वाचलं जाईल, आणि वाचतील स्वतः लेखक. दुसरी, तो शेवट जर असाच हवेत राहिला तर पुढच्या कादंबरीचा आराखडा आधी हवा. प्रकरणवार. कोण येतं, कोण जातं, कशासाठी. आराखडा नाही तर कादंबरी नाही.

कुजबुजे घरी आले ते पाय ओढत. रंगमंचावर उभं राहायची धास्ती होतीच, पण खरा घाव आराखड्याचा होता. म्हणजे पुन्हा मांडीवर वही. पुन्हा सगळं आधी माहीत. दारात पोस्टमन आहे हे ठाऊक असूनही टकटक ऐकायची.

शेवट चांगला व्हावा म्हणून त्यांनी जन्मात प्रथमच शेवट ठरवायला घेतला. एक ठरवला, राक्षस म्हणजे वेष पालटलेला निवासाचा मालक. मशीन खडखडत राहिलं. दुसरा, सगळं स्वप्नच होतं. मशीन जास्तच जोरात चालल्यासारखं वाटलं. तिसऱ्यात राक्षसानं सगळ्यांना खाऊन टाकलं, तर वहिनी शिवता शिवता जांभई देत्या झाल्या.

वाचनाच्या दिवसापर्यंत गोष्ट इतकीच पुढे गेली होती: बापाला शोधायला निघालेली लहान मुलगी जिना उतरते, शेवटच्या पायरीवर येते, हातातला दिवा विझतो, आणि कुणाचा तरी ऊन श्वास तिच्या मानेवर येतो. पुढचा कागद कोरा.

"शेवट नाहीये गं," कुजबुजे म्हणाले.

वहिनी त्यांच्यासाठी कंपनीच्या नाटकातल्या प्रधानजीचा जुना कोट आत घेत होत्या. दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, "तीस वर्षं दुसऱ्यांना पुढचं सांगितलंत. एकदा अडकून बघा कसं असतं ते."

"आणि काही सुचलंच नाही तर?"

"तर महाराज करायचे तसं करा. मिशी नाही, पण हात आहेत ना पाठीशी बांधायला?"

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. पहिल्या रांगेत मधोमध महाराज, शेजारी संपादिकाबाई. वहिनींसाठी खुर्ची राखून ठेवली होती, पण त्या विंगेत जाऊन उभ्या राहिल्या. प्रेक्षकांत बसायची त्यांना सवयच नव्हती.

कुजबुजे उजेडात आले आणि डोळे मिचकावत उभे राहिले. ज्या जागेकडे जन्मभर बाजूनं पाहिलं, तिथून समोर बघितल्यावर अंधार केवढा मोठा दिसतो! त्यांनी एका हातात कागद धरले, दुसऱ्या हातातला माईक तोंडाशी नेला आणि वाचू लागले.

आणि मग सगळ्यांना कळलं की त्या आवाजासाठीच जणू माईकचा शोध लागला होता. ती कुजबुज नाट्यगृहभर गेली आणि प्रत्येकाच्या कानाशी वेगवेगळी जाऊन बसली. शेवटच्या रांगेतल्या एका आडदांड माणसानं मागे वळून पाहिलं. मुलगी एकेक पायरी उतरत होती, आणि लोक आपले पाय खुर्चीखालून पुढे ओढून घेत होते.

दिवा विझला. ऊन श्वास मानेवर आला. कागद संपले.

कुजबुजे थांबले. लोकांना वाटलं, काय थांबलाय! महाराजांनी मात्र क्षणात ओळखलं. जन्माचा अनुभव होता. शेजारी वाकून ते संपादिकाबाईंना म्हणाले, "अडकला." मग त्यांनी आपल्या मिशीला पीळ दिला, जणू तेवढ्यानं मदत होईल. आणि रंगमंचावर कुजबुज्यांचे दोन्ही हात आपोआप पाठीशी गेले. माईक मुठीत धरूनच ते संथ चालत विंगेजवळ आले आणि कान केला. तिथे स्टूल नव्हतं, वही नव्हती. वहिनी उभ्या होत्या. त्यांना गोष्टीचं काही सोयरसुतक नव्हतं. प्रधानजीच्या कोटाची वरची गुंडी एका धाग्यावर लोंबत होती, आणि ती त्यांना मघापासून सहन होत नव्हती.

"गुंडी," वहिनी म्हणाल्या.

विंगेतून आलेलं वाक्य बोलायचं असतं. त्यावर विचार करायचा नसतो. तीस वर्षं कुजबुज्यांनी नटांना हेच शिकवलं होतं. त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि त्या सुप्रसिद्ध कुजबुजीत म्हणाले, "आणि अंधारातून तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं, गुंडी."

कुठेतरी एक जण फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण पुढे काय ते त्यालाही हवं होतं.

वहिनींनी कपाळाला हात लावला. यांना ऐकू तरी आलं का? त्यांनी स्वतःच्या गळ्याशी बोट नेऊन दाखवलं.

"त्यानं लांब नखाचं बोट तिच्या गळ्याशी नेलं," कुजबुजे म्हणाले.

वहिनींनी चिडून कॉलरीतली सुई उपसली.

"त्याच्या हातात काहीतरी चमकलं. सुई होती." बायकांच्या बाजूनं कुणीतरी श्वास आत ओढलेला ऐकू आला.

वहिनींनी खिशात हात घातला आणि कोटाला जुळती गुंडी आहे का बघायला तळहात उजेडात धरला. लहान, मोठ्या, पितळी, हाडाच्या, रंग उडालेल्या, कंपनीतल्या सगळ्या नाटकांच्या गुंड्या त्यावर होत्या. कुजबुजे त्या हाताकडे बघत राहिले, आणि दारात कोण आहे ते त्यांना एकदाचं दिसलं.

"त्यानं मूठ उघडली," ते म्हणाले, आणि आता ते विंगेकडे बघत नव्हते, लोकांकडे वळले होते. "मुठीत सगळ्या गुंड्या होत्या. एकही हरवलेली नव्हती. सैल गुंडी आधी काढावी लागते, मग पक्की लावता येते. पण तो काढेपर्यंत माणसाची शुद्ध गेलेली असायची, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला शिवायचं कसं? टोचलं म्हणजे? एवढ्या वर्षांत त्याची एकही गुंडी लावून पूर्ण झाली नव्हती. 'गारठा आहे,' तो मुलीला म्हणाला, 'वरची लावून घे. ओवून देतेस का? माझी नखं मोठी आहेत.'"

मुलीनं अंधारात चाचपून सुई ओवून दिली. मग त्या अक्राळविक्राळ प्राण्यानं तिच्या गळ्याशी वाकून गुंडी शिवली, चार भोकं, फुलीचा टाका, खाली गुंडाळलेल्या दोऱ्याची मान. लोक आता ना हसत होते, ना घाबरत होते. तोंडं उघडी होती.

"आणि दोरा तोडायला त्यानं तोंड उघडलं," कुजबुजे म्हणाले, "तेव्हा त्याचे सगळे दात तिच्या गळ्याशी आले. तिनं मान जराही हलवली नाही. शिवताना हलायचं नसतं."

ते वाकले. टाळ्या पडायला वेळ लागला, पण पडल्या तेव्हा अशा पडल्या की महाराज उठून उभे राहिले आणि मागे वळून, सवयीनं, त्यांनीच एकदा प्रेक्षकांना वंदन करून घेतलं.

विंगेत वहिनी वाट बघत होत्या. त्यांनी आधी नवऱ्याला उजेडात ओढलं, कोट धरला आणि तिथल्या तिथे गुंडी लावायला घेतली.

"म्हणजे तो राक्षस मी," त्या म्हणाल्या.

"मला काय माहीत? मी पण आत्ताच ऐकली गोष्ट."

"नखं मोठी म्हणे." त्यांनी दोरा दातांनी तोडला. कुजबुजे जराही हलले नाहीत.

तेवढ्यात संपादिकाबाई आल्या, मागोमाग महाराज. बाईंचे डोळे ओले होते आणि ते लपवायला त्या भरभर बोलत होत्या. म्हणाल्या, काका, मी तुम्हाला आराखडा मागितला याची मलाच लाज वाटते. तिसऱ्या प्रकरणात गुंडी पेरलीत आणि शेवटापर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. इतकं काटेकोर नियोजन मी कुणा लेखकाचं पाहिलं नाही. सगळं तुमच्या डोक्यातच असतं, तर कागदावर कशाला हवं?

कुजबुजे सरळ माणूस. त्यांनी खरं ते सांगितलं: कपाटाखाली गेलेली गुंडी, कोरा कागद, विंगेतला शब्द, सगळं. पण माईक आता त्यांच्या हातात नव्हता आणि बाहेर टाळ्या चालूच होत्या. बाईंनी आदरानं मान डोलावली. त्यांना अक्षर ऐकू आलं नव्हतं.

महाराजांना मात्र ओठांवरून कळलं. कुजबुज्यांच्या ओठांकडे बघून तर त्यांनी राज्यं केली होती. ते पोट धरून इतके हसले की वहिनींनी बजावलं, "महाराज, पोटावरची गुंडी." महाराजांचा हात तिकडे गेला, पण गुंडी केव्हाच सुटून गेली होती. एक राजा, एक संपादिका आणि एक कादंबरीकार विंगेत गुडघ्यांवर बसून ती शोधत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन टेबलावर आलं. वहिनींनी महाराजांचा सदरा मशीनखाली घेतला. कुजबुज्यांनी नवा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि ओठांत पुटपुटत लिहिलं, 'खिडकीच्या बाहेर कुणीतरी शिंकलं.'

मशीन थांबलं.

कुजबुज्यांनी पेन खाली ठेवलं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनीही खिडकीकडेच पाहिलं होतं.

"अगं," कुजबुजे आनंदानं कुजबुजले, "जरा तू बघतेस का?"